आधी दाखला, मग वर्ग

॥ श्री ॥
पिंपरी, कारखान्याची वसाहत
ता. २९ एप्रिल १९५७

चि. शालन हिस हिंदुरावमामाचे अनेक आशीर्वाद. अक्का व भाऊजींस नमस्कार सांगणे.

पत्र हातात पडल्यावर आधी खाली बस. उभ्यानं वाचशील तर पडशील आणि अक्का मला बोल लावील.

पुण्याला मुलींचं नवं कॉलेज निघालंय, त्यांनी खेड्यातल्या पोरींसाठी थोड्या जागा राखून ठेवल्यात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं कॉलेजच बघणार. विज्ञान शाखासुद्धा आहे. आमच्या शिफ्टचे केमिस्ट, ज्यांनी दिवाळीत तुला ते बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र दाखवलं होतं, त्यांनी जाहिरातीचं कात्रण आपण होऊन आणून दिलं. म्हणाले, ती तुमची प्रश्न विचारणारी भाची कुठं आहे?

होळीला भाऊजी काय म्हणाले ते तुझ्या ध्यानात असेलच. फुकट राहायची सोय झाली तर पोरीला पुण्याला धाडीन, नाहीतर मंचरच्या स्थळाला होकार. तर बाई, सोय समोर उभी आहे. आता फक्त उडी मारायची.

एकच भानगड आहे. नुसत्या मार्कांवर घेणार नाहीत. जूनमध्ये मुलाखत आहे, आणि अर्जात एक रकाना आहे, त्यात अभ्यासाशिवाय मुलीचे छंद, खेळ, कला आणि समाजकार्य लिहायचं. पुढं बारीक अक्षरात, दाखले जोडावेत. आता इथल्या साहेबलोकांच्या पोरी पेटी शिकतात, नाटकात कामं करतात, बॅडमिंटन खेळतात. असल्यांशी गाठ आहे. पण तू काळजी करू नकोस, रकाना भरायचं काम मामाकडे लागलं. तुला काय काय येतं ते उलट टपाली कळव. सोबत एसटीच्या कंडक्टरबरोबर एक बॅडमिंटनची रॅकेट पाठवली आहे. खेळली नाहीस तरी चालेल, नुसती हातात धरायची सवय कर.

माया आहेच, पत्राला उशीर करून ती आटवू नकोस.
तुझा मामा, हिंदुराव


॥ श्री ॥
करंजवाडी, चाकणनजीक
ता. ४ मे १९५७

ती. मामांस शालनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खाली बसूनच वाचलं, तरी व्हायचं ते झालं. उठून अंगणात तीन गिरक्या घेतल्या आणि आईनं विचारलं, काय विंचू चावला का. तिला वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी भाकरी जरा जास्तच करपल्या, यावरून काय ते ओळखा.

रॅकेट पोचली. हातात धरून पाहिली. आईनं ती पाहिली आणि म्हणाली, हिंदूनं बरी वस्तू धाडली, कुरडया वाळत घातल्यावर कावळे हाकायला येईल. सध्या ती त्याच कामावर आहे.

रकान्याचा मी फार विचार केला. खरं तेच लिहिते. मी पाणी भरते, गोवऱ्या थापते, आबांना कांदा भरू लागते. पंचमीला फेर धरते, पण तो सगळ्याच धरतात. गळा असा आहे की आरतीला मला मागं उभी करतात. आई म्हणते, लिही की हिला भांडता येतं, त्याचे दाखले आळीत लागतील तेवढे मिळतील.

मामा, थट्टा बाजूला ठेवते. मला ही जागा पाहिजे. दिवाळीत त्या यंत्रातून भाकरीवरची बुरशी पाहिली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आपण शी म्हणून उकिरड्यावर टाकतो, तिच्यात ते केवढं रान उगवलेलं होतं, आणि तुमचे केमिस्ट म्हणाले असल्याच एका बुरशीपासून तुमच्या कारखान्यातलं औषध होतं. तसं असेल तर आपल्या उकिरड्यावर आणखी काय काय असेल? हे कुणाला विचारू? मंचरची माणसं वाईट नाहीत. मळा आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. पण त्यांना मी हे विचारलं तर ते आबांना निरोप पाठवतील की पोरीला वैद्याला दाखवा.

आबांनी कालच सांगितलं, आषाढ लागायच्या आत मंचरला होय की नाही कळवायचं आहे.

तुमचा लोभ माझ्यावर किती आहे ते रॅकेटवरून कळलंच. तो तसाच असावा, पण पुढच्या खेपेला त्याला खाता येण्याजोगं काही असावं.
आपली भाची, शालन


॥ श्री ॥
पिंपरी
ता. १० मे १९५७

चि. शालन हिस आशीर्वाद.

वाहवा, काय रकाना भरलास. पाणी आणि गोवऱ्या. अगं, ते कॉलेज आहे, गोठा नाही.

ऐक आता. आमच्या मित्रमंडळाच्या चिटणिसांना मी सलग तीन संध्याकाळी चहा पाजला. त्यांनी लिहून दिलं आहे की गेल्या गणेशोत्सवातल्या नाटकात कु. शालन येळवंडे हिनं काम केलं. कोणतं म्हणून विचारलं तर राणीच्या दासीचं सांग. दासीला बोलायचं नसतं, वारा घालायचा असतो. बॅडमिंटनचा दाखलाही एक-दोन दिवसात हाती येईल.

राहता राहिलं समाजकार्य. त्यासाठी तुमचे सरपंच ज्योतीराम पाटील यांना पत्र टाकलं आहे. चाकणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसून एकाच छडीचा मार खाल्ला आहे, ते मला नाही म्हणणार नाहीत. गावातल्या बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग तू वर्षभर चालवतेस, असं लिहून पंचायतीचा शिक्का मारून द्या म्हटलं आहे. समाजकार्यात याच्याहून वजनदार काही नाही.

तुला हे रुचणार नाही, मला ठाऊक आहे. तू भाऊजींवर गेली आहेस. पण शंभर खोटं बोलून एक लग्न जमवावं असं आपल्यात म्हणतातच ना? मी तर एक लग्न पुढं ढकलायला तीनच बोलतो आहे. सगळ्याच पोरींचे रकाने असेच भरलेले असणार, पैजेवर सांगतो. कुणाचं काय जातंय?

अर्ज मी इथूनच धाडतो. सरपंचांचा दाखला तेवढा आणून ठेव. अक्काला सांग, मुलाखतीला नेसायला पांढरं लुगडं काढून ठेव.

मामावर भरवसा असू दे, लोभापेक्षा सध्या त्याचीच गरज आहे.
हिंदुराव


॥ श्री ॥
करंजवाडी
ता. १९ मे १९५७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही काय करून ठेवलंत याची तुम्हाला कल्पना आहे का? गाव पेटलं आहे. घाबरू नका, आग नाही, पण आग बरी असं आबा म्हणतात.

तुम्ही सरपंचांना पत्र टाकलंत, पण त्यांची रीत तुम्हाला कुठं माहीत होती. मागं कुणीतरी परस्पर दाखला नेऊन बांधाची भानगड केली, तेव्हापासून ते शिक्क्याचा कुठलाही कागद चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय हातात देत नाहीत. मित्राचा शब्द म्हणून त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, आणि मग कोतवाल भैरूकरवी दवंडी देऊन माणसं गोळा केली आणि वाचला. भिमाजीची शालन वर्षभर गावातल्या बायकांना लिहायला वाचायला शिकवते आहे, ही गावाला भूषणाची गोष्ट आहे. पुरुषमाणसांनी माना डोलावल्या. आबा तिथंच होते. ते खाली बघत घरी आले आणि न जेवता निजले.

पण खरी गंमत पुढं. गड्यांनी घरी जाऊन बायकांना सांगितलं. तुम्हाला आमच्या गावच्या दोन आळ्या माहीत आहेत, वरची आणि खालची. नळ नाही, रस्ता नाही, पण आळ्या आहेत. आमचं घर वरच्या आळीत. खालच्या आळीतल्या दुर्गाबाईंनी ऐकलं आणि त्यांना एकच सुचलं, की या वरच्या आळीच्या बायका वर्षभर गुपचूप शिकतायत आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाही. सकाळी त्या बारा-पंधराजणी घेऊन आमच्या दारात. आम्ही काय माणसं नव्हं का, आमच्या डोळ्यांत काय माती पडलीया का, असं काय काय. तेवढ्यात वरच्या आळीच्या पुतळाबाई आल्या. त्यांना वाटत होतं की मी खालच्या आळीत जाऊन शिकवते. मग दोन्ही आळ्या आमच्या अंगणात, कुरडयांच्या चहूबाजूंनी.

मी सगळ्यांच्या समोर सांगितलं की वर्ग नाही, कधी नव्हता. कुणाचाच विश्वास बसला नाही. शिक्का खोटा कसा असंल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दुर्गाबाईंनी निकाल दिला की झालं गेलं गंगेला मिळालं, आता उद्यापासून दोन्ही आळ्यांना सारखं शिकवायचं, एक अक्षर इकडं जास्त गेलं तर बघून घेईन.

तेव्हा मामा, वर्ग सुरू झाला आहे. भैरोबाच्या देवळात, दुपारची भांडी झाल्यावर. पाट्या नाहीत म्हणून प्रत्येकीनं सूप आणलं आहे, त्यात चुलीची राख पसरून बोटानं लिहितात. अ आ इ ई कुणालाच नको, पहिलं आपलं नाव पाहिजे. मग नावांवरूनच चाललं आहे. पुतळाबाईच्या नावातला एक त आणि खालच्या आळीतल्या तानाबाईच्या नावातला एक त सारखाच निघाला, तर आधी तो कुणाचा यावर दोघींचं वाजलं. कुशाबाईंना आळंदी वाचायचं आहे. मागं त्या आळंदीला म्हणून बसल्या आणि नारायणगावला उतरल्या होत्या. पुतळाबाईंची लेक सासरहून पत्र धाडते, ते शेजारच्याकडून वाचून घ्यावं लागतं आणि मग सबंध आळीला ठाऊक होतं, म्हणून त्यांना शिकायचं आहे. तानाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, समद्या आल्या म्हून आले.

काल पुतळाबाईंनी न बघता आपलं नाव काढलं. काढून झाल्यावर सुपाकडे बघतच राहिल्या, आणि राख पुसायला तयार होईनात. सूप तसंच डोक्यावर धरून घरी गेल्या. मामा, मला इतका आनंद बुरशी पाहतानाही झाला नव्हता.

दाखला माझ्याजवळ आहे. त्यातला वर्षभर हा शब्द आला की मी कागदाची घडी घालून ठेवते.

कळावे. रागावले आहे, तरी लोभ आहे असं समजावे.
आपली शालन


करंजवाडी
ता. २३ मे

हिंदुराव यांस भिमाजीचा रामराम.

आमी लिवतो कमी. म्हून थोडक्यात लिवतो. तुमी पोरीसाटी धडपडता, ते दिसतंय. तुमच्या मनात वंगाळ न्हाई. पन चावडीवर माज्या पोरीच्या नावानं खोटं वाचलं गेलं आन् मी तितं हुबा होतो. चार मानसं मला शाबास म्हनाली. मला धरनी पोटात घील तर बरं असं झालं.

आता बायका शिकत्यात. तुमची भन बी जाती. ते बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पन हे खोट्याच्या पोटी जलमलं हाय. पोरीला मी कायबी सांगनार न्हाई. ती शानी हाय. जागा मिळाली तर मी सोता पोचवाया यीन. न्हाई मिळाली तर आषाडाच्या आत मंचरला सुपारी फोडू. पोरीला दोन्ही ठाऊक हाय.

राग मानू नये. सुगी बरी हाय. कांदा भरून ठिवलाय, येताल तवा न्यावा.
भिमाजी येळवंडे


॥ श्री ॥
पिंपरी
ता. २८ मे १९५७

चि. शालन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी कँटीनमध्ये मोठ्यानं वाचलं. कुरडयांच्या चहूबाजूंनी दोन आळ्या, इथं आमचा फिटर चहा नाकातून सांडेपर्यंत हसला. पण त्यानंतर भाऊजींचं पत्र आलं. ते मी एकट्यानं वाचलं. तुझ्या बापाला चार ओळी लिहिता येतात, पण त्या चार ओळींनी माणूस उताणा पडतो.

तरी सुद्धा माझं डोकं सांगतं ते ऐक. आता वर्ग आहे ना? मग दाखला खोटा कुठं राहिला? खोटं असलंच तर एका शब्दापुरतं आहे. वर्षभर काय आणि महिनाभर काय, मुलाखत घेणारे काय पंचांग घेऊन बसणार आहेत? विचारलं तर वर्ग चालवते म्हण. कधीपासून ते विचारलं तर खोकला काढ. नाटकाचा आणि बॅडमिंटनचा असे दोन्ही दाखले या पाकिटात आहेत, ते तिथं सादर कर. मुलाखतीच्या दिवशी माझी दुसरी शिफ्ट आहे, मला येता येणार नाही, भाऊजी येतील.

अक्का वर्गाला जाते हे मला तू कळवलं नाहीस, भाऊजींकडून कळलं. ती लहानपणी माझी पाटी चाटून पुसायची, ते आठवलं. तिला काय यायला लागलं ते लिही.

मामा चुकला असेल तर चुकला. पण तू ही संधी घालवू नकोस, एवढीच विनवणी.
हिंदुराव


॥ श्री ॥
करंजवाडी
ता. १३ जून १९५७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मॅट्रिकचा निकाल तुम्हाला कळलाच. मार्क चांगले आहेत, पण मुलाखतीला आलेल्या सगळ्याच पोरींचे चांगले होते.

व्हरांड्यात आम्हाला बसवलं होतं. माझ्या शेजारच्या पोरीकडे दाखल्यांचं एवढं बाड होतं. ती हळूच मला विचारू लागली, गर्ल गाइड म्हणजे नेमकं काय करतात गं, तुला माहीत आहे का? मला हसूही आलं आणि तिची कीवही आली. तिचाही कुणी मामा असणार.

आत तिघं होती. दोन गृहस्थ आणि मधे मुख्य बाई, त्यांचं नाव सुभद्राबाई. चष्म्यावरून बघतात. काय शिकायचंय विचारलं तेव्हा मी उकिरड्याचं सगळं सांगून टाकलं. हसले, पण वाईट नाही हसले. मग सुभद्राबाईंनी मी दिलेला सरपंचांचा दाखला पुढं ओढला आणि विचारलं की वर्ग कधी सुरू केला.

मामा, खोकला आला नाही. तोंडाशी वर्षभर हा शब्द आला होता, देवाशपथ आला होता. आबा बाहेर बाकावर बसले होते, त्यांच्या पायातल्या करकरत्या नव्या वहाणा मला दारातून दिसत होत्या. आणि डोक्यात पुतळाबाई सूप घेऊन चाललेल्या. मी म्हणाले, "हा दाखला लिहिला तेव्हा वर्ग नव्हता. दाखला चावडीवर वाचला गेला, म्हणून वर्ग सुरू झाला. त्याला आता महिना होईल." मग आळ्यांचंही सगळं सांगावं लागलं.

एका गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, खोटा दाखला आणल्याबद्दल नापास करायचं की तो खोटा आहे हे सांगितल्याबद्दल पास करायचं, हे तूच सांग. मी म्हणाले, दोन्ही नको, वर्ग आहे तेवढा येऊन पाहा. सुभद्राबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. तुमचे दोन दाखले मी पाकिटातून बाहेर काढलेच नाहीत.

येताना एसटीत मी रडले. चाकणला उतरल्यावर आबांनी मला भेळ घेऊन दिली, आणि स्वतः कधी नव्हे ते चार घास खाल्ले.

तुमचा जीव तुटेल हे मला माहीत आहे. माझाही तुटतोय. मंचरहून परवा माणूस येऊन गेला.

आईला स्वतःचं नाव येतं आणि तुमचंही येतं. तुमचं आधी शिकली.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं लिहा, मी समजून घेईन.
शालन


॥ श्री ॥
पिंपरी
ता. १६ जून १९५७

चि. शालन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तुला दोन दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या. हातातोंडाशी आलेला घास आणि बाईसाहेबांना खरं बोलायची उबळ आली. मी तीन संध्याकाळी चहा पाजला तो काय गटारात?

तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. अक्का माझं नाव लिहिते? आता मला शिव्यासुद्धा देता येत नाहीत.

लोभ कमी झाल्याचं विचारतेस. गाढव आहेस. मंचरच्या लोकांना चार दिवस थोपवून धरायला भाऊजींना सांग, मी पायावर डोकं ठेवतो म्हणावं.
हिंदुराव


॥ श्री ॥
करंजवाडी
ता. १९ जून १९५७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाचा. काल सुभद्राबाई गावात आल्या. न कळवता, एसटीनं, एकट्या, छत्री घेऊन.

मी मळ्यात आबांची भाकर घेऊन गेले होते. भैरू त्यांना थेट देवळात घेऊन गेला. सगळ्याजणी जमलेल्याच होत्या. पुढचं मला आईनं सांगितलं. बाईंनी आपण कॉलेजच्या म्हणून सांगितलं मात्र, बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शालीची जागा आता आपल्या हातात हाय, एवढं त्यांना कळलं. आणि दाखल्यात काय लिहिलंय ते तर सबंध गावाला तोंडपाठ. बाईंनी विचारलं की किती दिवस शिकताय, तर पुतळाबाईंपासून तानाबाईंपर्यंत सगळ्या एका सुरात, वरीस झालं बाई, वरीस.

आई म्हणाली, मी पण म्हणाले गं. तोंडातून निघूनच गेलं.

मग सुभद्राबाई खाली बसल्या आणि एकेकीचं सूप पाहू लागल्या. पुतळाबाईंनी नाव काढलं. कुशाबाईंनी आळंदी आणि चाकण वाचलं. तानाबाई दुसऱ्या शब्दालाच अडकल्या, कारण त्या आठवडाभर माहेरी जाऊन आल्यात. बाई ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या की वर्षभरात एवढंच?

नेमकी त्याच वेळी मी धावत पोचले. आमच्या बायकांनी माझ्यासाठी खोटं बोलून मला वर्षभर झोपा काढणारी मास्तरीण करून ठेवलं होतं. आणि त्यांना ते कळलं होतं, तोंडं उतरली होती. पुतळाबाई हात जोडून म्हणाल्या, आमचीच डोस्की दगडाची हायती, पोरीचा दोष न्हाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दुर्गाबाई उठल्या. खालच्या आळीच्या, ज्या पहिल्या दिवशी भांडायला आल्या होत्या त्या. मघा सगळ्यांबरोबर त्या बोलल्या नव्हत्या म्हणे, तोंडात तंबाखू होती. बाहेर जाऊन थुंकून आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वरीस? ह्या वरच्या आळीला वरीसभर शिकवलं असतं आन् मी गप बसले असते व्हय? वैशाखी पुनवेच्या आदी हितं काळं कुत्रं बी न्हवतं आलं. कुनालाबी इचारा."

वरची आळी खवळली. तू गप की गं भवाने, म्हणून पुतळाबाई धावून गेल्या. दुर्गाबाईंनी त्यांना सुनावलं की तुमी खोटं बोलून पोरीचं वाटुळं करताय. पुन्हा दोन्ही आळ्या लागल्या. आणि सुभद्राबाई, एवढ्या चष्म्यावरून बघणाऱ्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसून झाल्यावर दुर्गाबाईंना म्हणाल्या, तुम्ही काय शिकलात ते दाखवा. दुर्गाबाईंनी दोन्ही आळ्यांतल्या बायकांची नावं ओळीनं राखेत काढली, प्रत्येक आळीची किती झाली ते मोजत. वरच्या आळीचं एकही नाव जास्त होऊ नये म्हणून त्या सगळीच शिकल्या आहेत.

बाई निघेपर्यंत ऊन उतरलं. स्वतः राखेत बोट घालून त्यांनी तानाबाईंना पुढचा शब्द काढून दिला. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मुलाखतीला ज्या मुली आल्या त्यांच्या दाखल्यांत एवढी भांडणं कुठंच नव्हती. जागेविषयी एक शब्द नाही. मी विचारलंही नाही, धीर झाला नाही.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय करायचा? आई म्हणते मिळणार. पुतळाबाई म्हणतात दुर्गीनं घालवली. मला रात्री डोळा लागत नाही. आबांनी मंचरला आठ दिवस मागून घेतलेत.

लोभ, आशीर्वाद, नवस, जे काही जवळ असेल ते सगळं या आठवड्यात खर्च करा.
शालन


॥ श्री ॥
करंजवाडी
ता. २६ जून १९५७

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कॉलेजचं पत्र आलं. काय आलं ते शेवटी लिहिणार आहे, कारण मलाही ते शेवटीच कळलं. तुम्ही खालची ओळ आधी वाचाल हे मला ठाऊक आहे, पण तुम्हाला भैरोबाची शपथ आहे.

पोस्टमन दुपारी देवळापाशी आला, वर्ग भरला होता. मी हात पुढं केला तोच दुर्गाबाईंनी पाकीट घेतलं. म्हणाल्या की परीक्षा आमची झाली, निकालबी आमीच वाचणार. मी हसून मागितलं, मग रडकुंडीला येऊन मागितलं. उपयोग नाही. आईसुद्धा त्यांना सामील. मला पार कोपऱ्यातल्या खांबामागं बसवलं आणि तानाबाईंना माझा पदर धरून ठेवायला सांगितलं. आबांना कुणीतरी मळ्यातून बोलावून आणलं, ते पायरीवर उभे राहिले, आत काही आले नाहीत.

वाचायचं कसं यावर आधी भांडण. शेवटी एक शब्द वरच्या आळीनं, एक खालच्या आळीनं असं ठरलं. पहिल्या ओळीत माझं नाव होतं, ते सगळ्यांना येतं म्हणून ते सगळ्यांनी मिळून वाचलं. मग सुरू झालं. मामा, तुम्ही कधी कुणाला अक्षराला अक्षर जोडून तुमचं नशीब वाचताना ऐकलं आहे का? कुशाबाई एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या, ते पुटपुटायच्या, मागं जायच्या, पुन्हा पहिल्यापासून. कुणी मधे सांगू लागली की दुसरी आळी ओरडायची. दुर्गाबाईंच्या नावातला र्ग सोडला तर जोडाक्षरं मी अजून शिकवलेली नाहीत. तसला शब्द आला की ह्यो आपला न्हाई म्हणून ओलांडून पुढं. आणि कॉलेजची माणसं, त्यांना साधा शब्द लिहायला येतच नाही. सगळे महत्त्वाचे शब्द त्या ओलांडत होत्या. मला कळायचं ते एवढंच, जागा, मग काहीतरी, मग आपणास, मग पुन्हा काहीतरी.

मी खांबाला डोकं टेकून डोळे मिटून घेतले होते. जागा म्हणजे जागा आहे, की जागा नाही? शेवटच्या शब्दाची पाळी खालच्या आळीची होती. तानाबाईंनी माझा पदर सोडला आणि पुढं गेल्या. त्या म्हणाल्या, आ. मग बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. मग म्हणाल्या, हे.

मग त्या खांबाकडे वळून मला विचारू लागल्या, "आहे. काय आहे गं, शाले?"

मामा, आहे. जागा आहे. विज्ञानाला, वसतिगृहासकट, बुधवारी हजर व्हायचं आहे. आबांनी तो एक शब्द ऐकला आणि पायरीवरच्या वहाणा घालून तसेच मंचरच्या वाटेला लागले, नाही म्हणून सांगायला. तुम्ही मंगळवारी सुट्टी काढून या. रविवारचा वर्ग मी येऊन घेणार, बाकीचे दिवस दुर्गाबाई सांभाळणार, आणि वरच्या आळीला ते मंजूर नाही, तेव्हा भांडण मिटवायलाही तुम्हीच या.

मी खांबामागून उठले आणि हमसाहमशी रडायला लागले. बायका घाबरल्या. त्यांना वाटलं, आपलं वाचायला चुकलं. पुतळाबाईंनी कागद ओढून घेतला, सगळ्या पुन्हा त्याच्याभोवती गोळा झाल्या, आणि माझ्या नावापासून परत वाचायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

तुमचीच,
शालन